वास्तू आणि वृक्ष

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी मुलुंड येथे दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हांस ह्या संमेलनात व्याख्यान देण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली. आमचे उभे आयुष्य इमारतींचे खांब, तुळया आणि स्लॅब ह्यांची गणिते मांडण्यात गेले. साहित्याचा वा तत्त्वज्ञानाचा व्यासंग आमच्यापाशी नाही. तेव्हा ज्या गोष्टीचा थोडाबहुत अनुभव, आणि खरे सांगावयाचे तर थोडी फजितीही, गाठीशी आहे तीवरच बोलावे असे आम्ही ठरविले. इमारतीच्या अंगाखांद्यावर झाडे कशी नांदवावी, हा तो विषय होय. शिक्षणनिधी, आरोग्यसाहाय्य, वधूवर परिचय अशा विषयांच्या मानाने हा विषय कोणास हौशी मंडळींचा वाटेल. परंतु तो निवडण्याचे कारण ह्याच सभागृहाच्या दाराशी टांगलेले आहे.

आत येताना आपण सर्वांनी ते चित्र पाहिले असेलच. 1962 साली बांधलेली आपली तीन मजली इमारत पाडून तिच्या जागी वसतिगृह, सभागृह आणि चोवीस कुटुंबांची बिऱ्हाडे सामावणारी जी उंच इमारत उभी राहावयाची आहे, तिचे ते रंगीत चित्र होय. प्रत्येक मजल्याच्या सज्जातून वेली लोंबत आहेत, गच्चीवर झाडी दाटली आहे आणि पहिल्या मजल्याच्या उंचीवर, मोटारींच्या डोक्यावर, हिरवळ पसरली आहे. चित्र पाहून आम्हांसही आनंद झाला. मग जुन्या खोडीप्रमाणे आम्ही त्याच्यासोबतचा नकाशाचा उभा छेद मागवून घेतला. चित्रात जेथे आंब्याएवढे झाड डोलत होते, तेथे छेदात मातीची जाडी नऊ इंच दाखविली होती. नऊ इंच मातीत मेथी उत्तम येते. आंबा येत नाही. आणि आज मागील अंगणात जो खरा आंबा व जी खरी बकुळ उभी आहे, त्यांच्या जागी तळघरातील वाहनतळाकडे जाणारी उतरण आखलेली आहे.

ह्यात कोणा एकास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, जेथे जेथे जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालला आहे तेथे अशीच चित्रे दाराशी टांगलेली असतात. आमचे म्हणणे इतकेच आहे की, इमारतीतील झाड ही शोभेची वस्तू नसून तो एक भार आहे, एक पाण्याचा ग्राहक आहे आणि एक रहिवासी आहे. ह्या तिन्ही नात्यांनी त्याची तरतूद पहिल्या नकाशातच झाली तर ते जगते; एरवी ते चित्रातच राहते.

ही तरतूद आपल्या वाडवडिलांस नवी नव्हती. कोकणातील वा देशावरील कोणतेही जुने घर आठवून पाहा. न्हाणीघराचे पाणी बाहेर पडताच ते थेट केळीच्या आळ्यात जाई. त्यापुढे अळूचा वाफा आणि त्याच्या कडेस कर्दळ. घरातील सांडपाणी घराच्या हद्दीतच जिरून त्याचे केळफूल व फदफदे होऊन पुन्हा स्वयंपाकघरात येई. कर्दळीसारख्या वनस्पतींच्या मुळांमधून सांडपाणी सोडून ते शुद्ध करण्याची पद्धत आज अभियंते मोठ्या अभिमानाने सांगतात. आपल्या आजीने ती न्हाणीच्या मागे चालविली होती. पुढील दारी मांडव आणि त्यावर जाईजुई, म्हणजे दुपारच्या उन्हास अडविणारे जिवंत छप्परच. अंगणात तुळशीवृंदावन, तेही विटांनी बांधलेले, मातीने भरलेले आणि पाणी निथळण्याची वाट असलेले. वृंदावन हे घर बांधतानाच बांधले जाई. घर उभे राहिल्यावर कोणी कुंडी आणून ठेवावी, अशी ती वस्तू नव्हती.

पुढे माणसे मुंबईत आली, चाळींत राहिली. अंगण गेले, पण तुळस गेली नाही. ती डालड्याच्या डब्यात बसून गॅलरीच्या कठड्यावर आली. त्यानंतर उपनगरे वाढली. 1950 साली जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा आणि 1957 साली दहिसर व मुलुंडपर्यंतचा मुलूख मुंबई महापालिकेत सामील झाला, आणि चाळीतील कुटुंबांस येथे दोन खोल्यांचे स्वतःचे घर मिळू लागले. त्या काळच्या तीन-चार मजली इमारती दिसावयास साध्या होत्या. परंतु त्यांच्या चहूबाजूंस मोकळी जमीन राखलेली असे. कोणी नारळ लावला, कोणी शेवगा, कोणी कढीलिंब. आज उपनगरांत जी सावली आहे, तिचा मोठा भाग रस्त्याकडेच्या वृक्षांनी आणि ह्या साध्या इमारतींच्या भोवतालच्या पट्ट्यांनी दिलेला आहे. म्हणूनच इमारत पडते तेव्हा केवळ भिंती पडत नाहीत. नव्या इमारतीचे तळघर भूखंडाच्या सीमेच्या जवळ जवळ जाऊन भिडते, अग्निशामक गाडीसाठी सहा मीटर रुंदीची वाट ठेवावी लागते, आणि उरलेल्या जमिनीवर फरशी पडते. झाडास उभे राहावयास जमीन उरत नाही. म्हणून त्यास वर, स्लॅबवर, बोलाविले जाते. आजचा प्रश्न येथून सुरू होतो.

वनस्पतीला इमारत आवडत नाही असे मात्र नव्हे. कोणत्याही जुन्या इमारतीच्या मागे जाऊन वर पाहा. सांडपाण्याच्या नळाच्या सांध्यात पिंपळ उगवलेला दिसेल. पक्ष्याच्या विष्ठेतून बी आले, भेगेत चिमूटभर धूळ आणि नळाचा ओलावा मिळाला, एवढ्यावर त्याने संसार मांडला. दरवर्षी कोणी तरी कोयत्याने तो छाटतो आणि दरवर्षी तो अधिक जोमाने फुटतो. कारण मूळ आत गेलेले असते, आणि दहा वर्षांत ते भिंत फोडते. ह्यापासून घ्यावयाचा धडा असा की, मुळास काय हवे हे आपण ठरवून दिले नाही, तर ते मूळच ठरविते.

हा धडा आम्ही पुस्तकातून घेतला नाही. 1996 साली बोरिवलीच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही व दोन शेजारी मिळून भाजीची बाग केली. चाळीस चौरस मीटरांवर आठ इंच तांबडी माती पसरली. त्या वर्षी वांगी व भेंडी अशी आली की चारही मजल्यांवर वाटली. दुसऱ्या पावसाळ्यात पालापाचोळ्याने पन्हळीचे तोंड बुजले, गच्चीवर पाणी तुंबले, आणि चौथ्या मजल्यावरील काकूंनी आमच्या दारात येऊन शांतपणे सांगितले, "भाऊ, तुमची वांगी छान होती हो, पण तुमची बाग आता माझ्या देवघरात गळते आहे." वर जाऊन पाहिले, तो छताचा गिलावा सुटला होता आणि सळई दिसत होती. आम्ही त्याच रात्री कागद घेऊन बसलो आणि जे गणित दोन वर्षांपूर्वी मांडावयास हवे होते ते मांडले. भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरास सुमारे 1,800 किलो धरावे लागते. आठ इंच म्हणजे वीस सेंटिमीटर; चौरस मीटरास 360 किलो. ज्या गच्चीवर माणसे जातात तिच्यासाठी भारतीय मानकानुसार धरावयाचा वापराचा भार चौरस मीटरास सुमारे 150 किलो. चाळीस चौरस मीटरांवर सहा टनांची सोय होती. आम्ही तेथे चौदा टनांहून अधिक माती नेऊन ठेविली होती. ती सारी गोण्यांत भरून चार जिने उतरवावी लागली, आणि काकूंचे देवघर सहा महिने दिवाणखान्यात राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींची गणिते मांडणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावरील गणित मांडले नाही, ही ती फजिती.

ह्याच मापाने चित्रातील झाडाकडे पाहू. मध्यम आकाराच्या झाडास निदान सव्वा मीटर खोल आणि तीन मीटर लांब-रुंद मातीचा हौद हवा असे धरले, तर त्यात सुमारे अकरा घनमीटर माती राहील. तिचे ओले वजन जवळ जवळ वीस टन, म्हणजे दहा टन माल वाहणाऱ्या दोन मालमोटारींतील माल. तो एका ठिकाणी कायमचा ठेवावयाचा. त्यात झाडाचे वजन आणि वाऱ्याचा हिसडा वेगळा. हे अशक्य नाही. खालील खांब व तुळया आधीच त्या मापाने केल्या तर इमारत तो भार लीलया पेलील. परंतु इमारत पुरी झाल्यावर तो भार तिच्यावर लादता येणार नाही.

भाराची सोय आधी केली तर काय साधते, ह्याचे एक उदाहरण मुंबईकरांच्या पायांखाली आहे. मलबार हिलवरील हँगिंग गार्डन, म्हणजेच फिरोजशहा मेहता उद्यान, आपण सर्वांनी लहानपणी पाहिले आहे. प्राण्यांच्या आकाराची झुडपे आठवतात. पण त्या हिरवळीखाली शहराला पाणी पुरविणारा जलाशय आहे, हे कितीकांच्या ध्यानात येते? 1881 च्या सुमारास त्या जलाशयाच्या छपरावर माती घालून ती बाग तयार करण्यात आली. मुंबईतील जुन्या गच्चीवरील बागांत तिचेच नाव प्रथम घ्यावे लागेल. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2023 साली त्या जुन्या जलाशयाच्या पुनर्बांधणीसाठी परिसरातील अनेक झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि नागरिकांनी त्यास कसून विरोध केला. बागेखालील बांधकाम म्हातारे होते, त्याची दुरुस्ती करावी लागते. ती करताना बाग कोठे जाईल, ह्याचा विचार बाग लावणाऱ्यानेच करून ठेवावयास हवा.

दुसरे उदाहरण कंबाला हिलवरील कांचनजंगा ह्या इमारतीचे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ह्यांनी योजलेली ही अठ्ठावीस मजल्यांची व बत्तीस घरांची इमारत 1983 साली पुरी झाली. मुंबईत समुद्राची झुळूक पश्चिमेकडून येते आणि दुपारचे ऊन व पावसाचा मारा हेही त्याच बाजूने येतात. जुन्या बंगल्यास ह्यावर व्हरांड्याचा उपाय होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून वर नेला. घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची मोकळी बागगच्ची ठेविली. आतील खोली तिच्या मागे सुरक्षित राहिली. ही इमारत श्रीमंतांची आहे हे खरे. परंतु तिच्यातील युक्ती पैशांची नसून दिशेची आहे. आपल्या नव्या वसतिगृहाच्या खोल्यांची तोंडे पश्चिमेस आहेत. त्या बाजूस जाळी लावून तिच्या पायथ्याशी खऱ्या जमिनीत मधुमालती वा कृष्णकमळ लावले, तर पहिल्या दोन-तीन मजल्यांच्या भिंती उन्हापासून वाचतील. वेलीस स्लॅबवर वीस टन माती लागत नाही. तिला तळाशी हातभर खरी जमीन आणि वर चढावयास आधार लागतो.

तिसरे उदाहरण आम्हांस सर्वांत जवळचे वाटते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे तीन हजार कामगारांचे अन्न शिजे. भाज्यांची देठे, साली, उष्टे ह्यांचे करावयाचे काय, हा प्रश्न तेथील अधिकारी श्रीमती प्रीती पाटील ह्यांच्यापुढे होता. 2002 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कचरा स्वयंपाकघराच्याच गच्चीवर नेऊन कुजविण्यास आरंभ केला, आणि त्यातून सुमारे तीन हजार चौरस फुटांची बाग उभी राहिली. तिच्यामागे कोल्हापूरचे गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर ह्यांच्या प्रयोग परिवाराचा विचार होता. 'विपुलाच सृष्टी' ह्या ग्रंथाचे कर्ते म्हणून आपणांपैकी अनेकांस त्यांचे नाव ठाऊक असेल. त्यांच्या पद्धतीत शेतातील जड माती बाजूस ठेवून वाळलेला पाला, उसाची चिपाडे, स्वयंपाकघरातील ओला कचरा असे कुजवून हलके, भुसभुशीत माध्यम तयार करितात. 1996 साली आम्हांस हे ठाऊक असते, तर काकूंचे देवघर जागचे हलले नसते. एवढेच की, हलके झाले तरी ते ओले झाल्यावर तोलून घ्यावे. कोरड्या वजनावर विसंबू नये.

आता पाण्याकडे वळू. आपल्या उपनगरांत वर्षास सरासरी 2,200 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे शंभर चौरस मीटरांच्या गच्चीवर वर्षाकाठी दोन लाख वीस हजार लिटर पाणी. पण ते जवळ जवळ सगळे चार महिन्यांत येते, आणि कधी कधी एका दिवसात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला हे आपण भोगलेच आहे. म्हणून गच्चीवरील बागेस निचऱ्याची वाट दुहेरी हवी, एक बुजली तर दुसरी चालावी. आणि मातीखालील जलरोधक थरावर मुळांना अडविणारा वेगळा थर हवा. पुढील आठ महिने परीक्षा उलटी होते. उन्हाळ्यात माती आणि पाने मिळून दिवसाकाठी चौरस मीटरामागे चार-पाच लिटर पाणी हवेत सोडतात. त्यामुळेच गच्ची थंड राहते. पण ते पाणी कोठून आणावयाचे? पिण्याचे पाणी ओतून बाग राखणे हे ह्या शहरात पाप होय. उत्तर आजीच्या न्हाणीघरामागेच आहे. शहरात माणशी दररोज 135 लिटर पाण्याचे प्रमाण धरितात. चौघांच्या घरातील आंघोळीचे म्हणून त्यातील दोनशे लिटर धरले, तर तेवढ्यात चाळीस चौरस मीटर बाग भिजते. मात्र त्यासाठी न्हाणीघराचा नळ शौचकूपाच्या नळापासून वेगळा काढावा लागतो आणि पाणी गाळण्याची सोय लागते. हे नळ इमारत बांधताना टाकले तर खर्च थोडा. भिंती पुऱ्या झाल्यावर कोणी ते काम करीत नाही.

राहता राहिला तिसरा प्रश्न, राखणार कोण? इटलीतील मिलान शहरी 2014 साली दोन उंच मनोरे पुरे झाले. वास्तुविशारद स्तेफानो बोएरी ह्यांच्या ह्या इमारतींच्या सज्जांत सुमारे आठशे झाडे आहेत. जगभर त्यांची छायाचित्रे गाजली आणि आपल्याकडील चित्रांतील लोंबत्या वेलीही तेथूनच आल्या असाव्यात. परंतु छायाचित्रात न दिसणारी गोष्ट अशी की, तेथील झाडे त्या त्या घरमालकाच्या मर्जीवर सोडलेली नाहीत. ती संपूर्ण इमारतीची समाईक समजली जातात. मुळांस पोलादी आधार आहेत, पाण्याचे नियंत्रण एके ठिकाणाहून होते, आणि बागकाम करणारे तज्ज्ञ दोरांवरून खाली उतरत छाटणी करितात. खर्च सर्वांच्या वर्गणीतून जातो. आपल्याकडे उभ्या भिंतींवर आणि पुलांच्या खांबांवर हौसेने लावलेल्या बागा आपण पाहिल्या आहेत. नळ बंद पडला की आठवड्यात त्यांचे सरपण होते. ज्या झाडाचा हिशेब सोसायटीच्या अंदाजपत्रकात नाही, ते झाड फार दिवस जगत नाही.

येथवर आम्ही स्लॅबवरील झाडांच्या बाजूने बोललो. परंतु एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. स्लॅबवरील बाग कितीही उत्तम झाली तरी ती जमिनीची जागा घेऊ शकत नाही. जमिनीतील झाडाची मुळे दूरवर पसरतात, पावसाचे पाणी त्या वाटेने खाली मुरते, आणि आपण सर्व गावी गेलो तरी आंबा पाण्यावाचून उन्हाळा काढतो. गेल्या काही वर्षांत मुलुंड-घाटकोपरकडील रस्त्यांवरील जुने पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने वाळले, तेव्हा जाणकारांनी बुंध्याशी आवळलेल्या काँक्रीटकडेही बोट दाखविले. मुळांभोवतीची उघडी माती म्हणजे झाडाचा श्वास. सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईतील एका बांधकामासंबंधी डिसेंबर 2013 मध्ये निर्णय देताना असे म्हटले की, नियमाने सोडावयाची किमान मनोरंजन-मोकळी जागा जमिनीच्या पातळीवर असावी. पोडियमवर जे काही द्यावयाचे ते त्याच्या जोडीस. विकास नियंत्रणाचे नियम त्यानंतर 2018 साली नव्याने आले. आपल्या भूखंडास आज ते कसे लागू होतात आणि त्यात खरी जमीन किती सोडावी लागते, हे आपल्या वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे, तोंडी नव्हे.

आता विरुद्ध पक्षाचेही ऐकले पाहिजे. आमचे एक वयोवृद्ध स्नेही ह्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ते दोन वर्षांत मोजून नऊ वेळा खाली उतरले. ते आम्हांस म्हणाले, "तुमचा आंबा मला खिडकीतून दिसतो, गोडही आहे, पण त्याच्यापायी माझी लिफ्ट एक वर्ष लांबणार असेल, तर मला तो नको." ह्या बोलण्यात काही चूक आहे असे आम्हांस वाटत नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यामुळे ज्यांची मुले दोन-दोन तास गाडीत लोंबकळत शिकतात त्या कुटुंबांस खोल्या अधिक हव्यात, हेही रास्तच. वृक्षप्रेम हे दुसऱ्याच्या गुडघ्यांवर आणि दुसऱ्याच्या मुलांवर जगविता येत नाही. म्हणून आम्ही इमारत थांबवा असे म्हणत नाही. एक खोलीही कमी करा असे म्हणत नाही. नकाशे अजून मंजुरीस गेलेले नाहीत. आज जो बदल पेन्सिलीने होतो, तो पुढील वर्षी घणाने करावा लागेल.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेपुढे आमच्या पाच सूचना आहेत. पहिली, मागील अंगणातील आंबा व बकुळ जेथे आहेत तेथेच राखावीत आणि त्यांच्या फांद्यांच्या घेराखाली तळघर खणू नये, कारण मुळे तुटलेले झाड तीन-चार वर्षांत मरते. दोन्ही झाडे इमारतीबरोबर लावलेली, म्हणजे साठी उलटलेली आहेत. राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पन्नास वर्षांवरील झाडांस विशेष संरक्षणही आहे. दुसरी, पोडियमवर जेथे झाडे दाखविली आहेत तेथे मातीची खोली व तिचा ओला भार नकाशावर अंकांत लिहावा. ते शक्य नसेल तर तेथे झाड न काढता गवत व झुडपे काढावीत, म्हणजे कोणाची फसवणूक होणार नाही. तिसरी, न्हाणीघरांचे नळ वेगळे काढावेत. चौथी, प्रत्येक सज्जात लोंबत्या वेलींऐवजी पश्चिमेच्या भिंतीस जमिनीतून चढणाऱ्या वेलींची जाळी द्यावी, आणि सज्जातील कुंड्यांखाली पाणी साचू देऊ नये. त्या ताटल्यांतच डेंग्यूचे डास वाढतात. पाचवी, माळ्याचा पगार व गच्चीच्या दुरुस्तीचा निधी पहिल्या वर्षापासून वर्गणीत धरावा, आणि वसतिगृहातील विद्यार्थ्यांस आठवड्यातून एक तास बागकामाचा नेम असावा.

ह्यांपैकी चार सूचनांस फारसा विरोध होणार नाही असा आमचा कयास आहे. अडचण पहिलीची आहे. वास्तुविशारदांशी बसून आम्ही मोजून पाहिले. वाहनतळाची उतरण पूर्वेच्या बाजूस नेली तर दोन्ही झाडे वाचू शकतात, लिफ्टला एक दिवसाचाही विलंब होत नाही, खोल्याही कमी होत नाहीत; मात्र चार मोटारींची जागा जाते. चोवीस कुटुंबांपैकी चौघांस मोटार रस्त्यावर वा भाड्याच्या जागेत ठेवावी लागेल. ती चार कुटुंबे कोणती, हे ठरविणे गोड काम नाही. चिठ्ठ्या टाकाव्या, की ज्यांस मोटार नाही त्यांनी आपण होऊन हक्क सोडावा आणि त्यांस वर्गणीत सूट द्यावी, हे सभेने ठरवावे. आम्ही त्या चोवीस कुटुंबांपैकी नाही. दुसऱ्याच्या मोटारीवर उदार होणे सोपे असते, ह्याची आम्हांस जाणीव आहे. आंबा वाचेलच असे वचनही आम्ही देऊ शकत नाही. शेजारी एवढे खोदकाम झाल्यावर काही झाडे सर्व काळजी घेऊनही जातात. परंतु वाचविण्याचा प्रयत्न करावयाचा की नाही, हे तरी आपल्या हाती आहे.

मुंबईत सहकारी तत्त्वावर घरे बांधण्याचा मार्ग ज्ञातिसंस्थांनीच दाखविला आहे. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था 1915 साली स्थापन झाली, तेव्हा सामान्य पगारदार माणसांनी मिळून स्वतःची घरे बांधावी ही कल्पना लोकांस नवलाची वाटली होती. आज ती रीत होऊन बसली आहे. इमारत आणि तिची झाडे एकाच नकाशात, एकाच हिशेबात बसविण्याची रीतही अशीच कोठून तरी सुरू व्हावयाची आहे. ती मुलुंडच्या ह्या लहानशा भूखंडावरून झाली तर त्यात आश्चर्य ते काय?

सर्वसाधारण सभेची तारीख चिटणीस कळवितीलच. नकाशाचा उभा छेद कार्यालयात ठेविला आहे. रंगीत चित्र पाहून झाल्यावर तोही पाहावा, ही विनंती. आणि आज घरी जाताना मागील दाराने जावे. बकुळीचा सडा पडला आहे. मुलींनी ओंजळभर फुले वेचून न्यावीत.